मंत्र्यांची न वाकणारी कंबर

सत्तरच्या दशकात आमचे राईस मिलवाले शेठजी निवडणुकीला उभे राहिले. मी त्यांचा दिवाणजी. कोंढा गावच्या सभेत मी ठोकून दिलं, ‘शेठजींनी तरुणपणी पोती वाहिली आहेत.’ ते साफ खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी मिलमधला म्हातारा हमाल हसत म्हणाला, “शेठजी, एक पोतं उचलून दाखवा ना, आमाले बी पाहू द्या.”

माझा शब्द राखायला शेठजींनी सगळ्यांसमोर धानाचं पोतं पाठीवर घेतलं. कंबर कायमची गेली.

पुढे ते मंत्री झाले. वडीलधाऱ्यांपुढेही वाकेनात. “खुर्ची मिळाली, माज आला,” लोक म्हणाले. मी खरं सांगायला निघालो की शेठजी अडवायचे, “राहू दे ना, तू खोटा पडशीन.”

आता ते नाहीत. तो माज नव्हता, दुखणं होतं. विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही मी हे सांगणार आहे.