यात वाळू किती, मासा किती

वडील गेल्यापासून जी माणसं मला भेटायला येतात, त्यांतली निम्मी मला समुद्रावर जायला सांगतात. मुंबईहून येणारी तर हमखास. "तुझं काय बाई, समुद्र दाराशी आहे. रोज संध्याकाळी जाऊन बसत जा. मन कसं हलकं होतं बघ." मी मान हलवते आणि चहाचं आधण ठेवायला आत जाते. दाराशी तर पोस्टाची पेटीसुद्धा आहे. तिच्यासमोर जाऊन बस असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आम्हा आगाशीच्या वाडीवाल्यांना समुद्राचं कौतुक नाही. अर्नाळ्याचा किनारा बैलगाडीने घटकाभरावर, पण आमच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे पाठ केलेली. वैशाखात आमच्या विहिरी मचूळ होतात त्या त्याच्यामुळे. खारा वारा केळीची पानं कडेने करपवतो तोही त्याचाच. सोमवती अमावास्येची अंघोळ सोडली तर वाडीवाला समुद्रावर जातो तो एकाच कामाला, खत आणायला. अर्नाळ्याचे कोळी विकण्याजोगी मासळी विकतात आणि उरलेली, बारीक, कुजकी, वाळूवर वाळवून आम्हाला देतात. ती केळीच्या आणि पानवेलीच्या बुडाशी जाते. त्या खताचा वास एकदा कपड्यांना बसला की भट्टीत टाकूनही जात नाही. समुद्राचं काव्य वगैरे जे काही असतं ते मी पुस्तकातच वाचलं, आणि लिहिणाऱ्याला खताची गाडी भरायला कधी लागली नसावी, हेही तेव्हाच समजलं.

हवापालटाची तर आणखी मजा. गिरगावात कोणी खोकायला लागलं की त्याला आमच्याकडे पाठवत. आमच्याकडे कोणी खोकायला लागलं की डॉक्टर म्हणत, पाचगणीला न्या. पाचगणीच्या लोकांना कुठे पाठवत असतील कोण जाणे. प्रत्येक गावाला आपली हवा सोडून दुसऱ्याच्या हवेवर विश्वास.

आई गेली तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. दिवाळीनंतर आईला ताप भरला, उतरला, पुन्हा भरला, आणि कार्तिक संपायच्या आत ती गेली. वडील तेराव्यापर्यंत सगळं सांगितल्यासारखं करत राहिले. नंतर त्यांनी बोलणं सोडलं. रागावून नव्हे. कोणी विचारलं तर "हं" म्हणत, ताट वाढलं तर दोन घास खात, आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसत. रहाटाचा रेडा उभाच राही. केळीची खोडं पाण्यावाचून वाकायला लागली, तरी ते बघत बसत.

तेव्हा गिरगावहून काका-काकू आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, एका कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी आल्या आल्या आईची लुगडी, तिची फणेरपेटी, तिची वाडीत जायची फाटकी चप्पल, सगळं ट्रंकेत भरून माळ्यावर टाकलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, दादांसमोर वहिनींचं नावसुद्धा काढायचं नाही. विषयच नको. आठवण झाली की जखम उघडते. कळलं?"

मी म्हटलं, "पण काका, त्यांना आठवण नाही असं थोडंच आहे?"

"तू पुस्तकं वाचतेस, मी माणसं वाचतो," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी कचेरीतही अनेकदा वापरलेलं असावं. फार गुळगुळीत झालं होतं.

त्यांचा निकाल आधीच ठरला होता. पौष संपेपर्यंत दादा माणसात आले तर ठीक. नाहीतर वाडी खंडाने दुसऱ्याला कसायला द्यायची, दादांना गिरगावात त्यांच्या दोन खोल्यांत न्यायचं, आणि माझं लग्न उरकायचं. वडिलांना हे त्यांनी माझ्यासमोर, हळू आवाजात, मुलाला औषध पाजावं तसं सांगितलं. वडील "हं" म्हणाले. पण त्या दिवशी ते विहिरीवरून अंधार पडेपर्यंत उठले नाहीत, आणि उठताना त्यांनी कठड्याच्या दगडावरून हात फिरवला. त्यांना जायचं नाही, हे मला त्या हातावरून कळलं. काकांना कळलं नाही. ते माणसं वाचत होते.

माणसात आणण्याचा उपाय म्हणजे समुद्र. काकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की समुद्राच्या हवेत ओझोन असतो. हा ओझोन छातीत गेला की रक्त ताजं होतं आणि मनावरचं मळभ जातं. त्यामुळे दर रविवारी काका-काकू सकाळी विरारहून टांग्याने यायचे, आमची गाडी जुंपली जायची आणि आम्ही चौघं अर्नाळ्याला जायचो. काकूंच्या मांडीवर पोह्यांचा डबा, काकांच्या हातात सतरंजीची वळकटी, वडील गाडीत मागे, पाय खाली सोडून, ज्या दिशेने आलो तिकडे बघत.

कोळ्यांच्या वस्तीपासून दूर, जिथे वास येत नाही अशा जागी सतरंजी पसरायची. वडिलांना मधोमध बसवायचं, तोंड समुद्राकडे. मग काका उभे राहून धोतराचा सोगा खोचत आणि म्हणत, "हं दादा. नाकाने घ्या. पोटापर्यंत. सोडा. परत घ्या."

वडील घेत नसत, सोडतही नसत. काकाच घेत आणि सोडत. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, आजारी हाच आहे आणि बाकीचे त्याला घेऊन आलेत.

काकूंना पाण्याची भीती. त्या लुगडं घोट्यापर्यंत उचलून ओल्या वाळूपर्यंत जात, लाट आली की किंचाळून मागे येत आणि "किती प्रसन्न वाटतं ना!" म्हणत. पोह्यांत वाळू जाई. ती दाताखाली कचकचत असतानाही त्या म्हणत, समुद्रावर भूक कशी खणखणीत लागते. मी पुस्तक नेत असे. काका ते मिटायला लावत. "निसर्ग बघ. हे खरं पुस्तक." मी निसर्ग बघायची. निसर्गात एक खेकडा सतरंजीखाली शिरायचा प्रयत्न करत असे आणि त्याला जमत नसे.

असे काही रविवार गेले. वडील जसेच्या तसे. काकांचा मात्र रंग उजळला, भूक वाढली, आणि ते कचेरीत रजा टाकायचं बोलू लागले. पौष सरत आला, तसं त्यांनी वाडी कोणाला द्यायची याची चौकशीही करून ठेवली.

त्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी वारा उलटा होता. आम्ही जिथे बसलो तिथे कोळ्यांच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या लांबच लांब दोऱ्या, आणि वाळूवर पसरलेली खताची मासळी, या सगळ्याचा वास सरळ येऊ लागला. काकूंनी नाकाला पदर लावला. "अहो, जागा बदलू या ना. हा कसला ओझोन?"

काका वळकटी करायला वाकले आणि थांबले. वडील सतरंजीवर फिरून बसले होते. समुद्राकडे पाठ, तोंड वलांड्यांकडे. नाक वर करून ते हवा घेत होते; पोटापर्यंत.

"दादा?" काका म्हणाले.

वडील उठले आणि चालू लागले. मी मागे गेले. मासळीच्या ढिगाशी एक कोळीण फळीने मासळी गोळा करत होती. दरवर्षी आम्ही हिच्याकडूनच खत घ्यायचो. आम्ही म्हणजे आई. वडील गाडी हाकत आणि गाडीपाशी उभे राहत. ढीग बघणं, वास घेणं, भांडणं हे सगळं आईचं. ती नारळाची करवंटी घेऊन जाई, तिच्यात समुद्राचं पाणी घेई आणि मूठभर मासळी टाकी. मासळी तरंगे, मिसळलेली वाळू खाली बसे. मग खरं भांडण सुरू होई. ते ऐकायला आजूबाजूच्या कोळणी हातातलं काम टाकून येत.

कोळणीने वडिलांना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला. "काय रे दादा, यंदा इतका उशीर? माझा माल सगला गिरीजवाले नेतील. आनि बाय कय हाय तुजी? गारीत बसून ऱ्हायली काय? सांग तिला, ये म्हनाव. यंदा वालूचा कन नाय माज्या मालात."

मागून धापा टाकत आलेल्या काकांनी हातवारे सुरू केले. डोळे मोठे करून, बोट ओठांवर ठेवून, मान हलवून. त्या बाईला वाटलं असावं, ह्या माणसामागे मधमाशी लागली आहे.

"ह्याला काय झाला?" तिने वडिलांना विचारलं. "आनि बाय?"

वडील म्हणाले, "ती गेली."

दोन महिन्यांत तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. वडिलांनी तर पहिल्यांदाच. आवाज बसलेला, घोगरा, आतून ओढून काढल्यासारखा.

"कय गेली?" कोळणीला कळलं नाही. आणि मग कळलं. तिने फळी टाकली, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि गळा काढला. आमच्या घरी आलेल्या शंभर बायका पदराचं टोक डोळ्याला लावून हळूच मुसमुसल्या होत्या. ही बाई तशी रडली नाही. ती वाळूत फतकल मारून बसली आणि आईला शिव्या देत रडली. "अगो माजे वैरनी, मना न सांगता गेलीस गो! आता माज्याशी कोन भांडल गो! माजी मासली कोन पान्यात टाकल गो!"

वडील तिच्या समोर वाळूत बसले. तेही रडले. तोंड न लपवता, लहान मुलासारखं. काकू काकांना म्हणाल्या, "अहो, थांबवा ना त्यांना." काकांना कोणाला थांबवायचं तेच कळेना. मी थांबवू दिलं नसतं, एवढं मला आठवतं.

मग कोळणीने नाक पुसलं, उठली आणि म्हणाली, "चल. गारी आन. भरून देते. बायचा मान हाय, चांगला माल देते तुला." आणि तिने मोठ्या मायेने कडेचा ढीग दाखवला.

वडील त्या ढिगाजवळ उकिडवे बसले. मूठभर मासळी हातात घेतली, नाकाशी नेली. इकडे तिकडे बघितलं. एक फुटकी करवंटी सापडली, ती घेऊन ते पाण्याच्या कडेपर्यंत गेले, भरून आणली. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी मासळी टाकली. वर चार बारके मासे तरंगले. बाकी सगळं तळाशी.

"यात मासा किती," वडील म्हणाले, "आणि वाळू किती?"

"आता वाऱ्याने थोरी येनारच रे दादा—"

"तिच्या मरणावर रडलीस आणि तिच्याच घरी वाळू पाठवतेस? तिने तुझी झिंजी धरली असती."

कोळीण त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "धरली असती रे! खरा हाय! धरलीच असती!" वडीलही हसले. मग त्या दोघांनी कितीतरी वेळ भांडण केलं. वडिलांना ते आईसारखं येत नव्हतं. मध्येच अडखळत, एकच मुद्दा पुन्हा सांगत. पण शेवटी त्यांनी मधला, चांगला ढीग मिळवला.

खत भरायला गाडी एकच, आणि ती आमचीच. सतरंजी खताच्या पाट्यांवर अंथरून काका-काकूंना वर बसवलं. काकूंनी घर येईपर्यंत नाकावरचा पदर काढला नाही. वाटेत वडील बोलत होते. आई पहिल्यांदा खत आणायला आली तेव्हा वासाने ओकली होती. मग म्हणाली, आता मीच येणार दरवर्षी, मला हरवणार का हा वास. मी हे कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी हळूच विचारलं, "मग दादा, गिरगावचं काय ठरवायचं?"

"खत घेतलंय आता," वडील म्हणाले. "ते मातीत जायला हवं. पाणी द्यायला हवं. कुठे येऊ?"

काकांचा चेहरा एकदम उजळला. "बघ," ते मला म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? ओझोन!" पुढे त्यांनी कचेरीत, नात्यात, लग्नाकार्यांत ही हकीकत इतक्यांदा सांगितली की आज मला समुद्रावर जा म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तीच ऐकून आलेले असतात. दादा कसे समुद्राने बरे झाले. त्यात कोळीण नसते, आणि आईही नसते.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून ट्रंक खाली काढली आणि आईची फाटकी चप्पल दाराशी, पहिल्या जागी ठेवली. रेडा रहाटाला जुंपला. पुढे दरवर्षी खताला ते आणि मी जात होतो. करवंटी मी धरत असे.

यंदाचं खत अजून आणलेलं नाही. केळी वाट बघतायत. अर्नाळ्याला बातमी पोचलेली नसणार. आमच्याकडची मरणं तिकडे कोण कळवतं? मी गाडीतून उतरले की कोळीण कमरेवर हात ठेवून विचारील, तुजा बाबा कय हाय? घरी येणाऱ्यांना सगळं आधीच माहीत असतं. त्यामुळे बाबा गेले, हे मला अजून कोणाला सांगावं लागलेलं नाही.

परवा गाडी सांगितली आहे. तोंड कुठल्या दिशेला करायचं ते मला ठाऊक आहे. करवंटी धुऊन ठेवली आहे, कारण रडून झालं की ती कडेचाच ढीग दाखवणार.