आरोइताकाकूचा खड्डा

आमच्या आरोइताकाकूला नाही म्हणता येत नाही. तसं या बेटावर कुणालाच येत नाही. नात्यातलं माणूस दारात येऊन "बुबुसी", म्हणजे "मी मागतो", असं म्हणालं की द्यायचं. होडी मागितली, होडी द्यायची. अंगातला सदरा मागितला, सदरा काढायचा. पण आम्ही बाकीचे लबाड. कुणी लांबून येताना दिसलं की नवं जाळं लपवतो, नाहीतर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपेचं सोंग करतो. काकू मात्र मागणाऱ्याला आधी बसवते, नीरा पाजते आणि स्वतःच विचारते, "हं, काय हवंय?" आता काय म्हणावं या बाईला!

माझा काका गेला तेव्हा तिच्यापाशी मोलाची एकच गोष्ट उरली, तिचा बाबाईचा खड्डा. वाळूत खोल खणत गेलं की गोडं पाणी लागतं. त्या चिखलात बाबाई लावायची आणि पालापाचोळा घालून वर्षानुवर्षं पोसायची. अळूसारखी पानं, पण डोक्यावरून जातील एवढी, आणि खाली मांडीएवढा कंद. लेक तेबोरा जन्मली तेव्हा काकाने एका कडेला तिच्या लग्नासाठी म्हणून वेगळी रोपं लावली होती. लग्नाच्या पंगतीत मुलीकडून बाबाई आली नाही, नुसता दुकानातला भात आला, तर ते मुलीला जन्मभर ऐकावं लागतं.

काकूचे गुडघे गेले आणि अर्धा खड्डा ओस पडला. मग शेजारचा इओतेबा आला. "काकू, मी मागतो. घरात रिकामे पत्र्याचे डबे फार साठलेत. तुझ्या खड्ड्याच्या कोपऱ्यात टाकू का?"

"टाक की रे, कोपरा काय उचलून नेणार आहेस?"

झालं! इओतेबाचे डबे गेले, मग त्याच्या मेहुणीचे गेले, आणि मेहुणीचं नातं तर सगळ्या गावाशी. मटणाचे रिकामे डबे, नूडल्सची पाकिटं, पोरांचे वापरलेले डायपर, सगळी वरात काकूच्या खड्ड्यात.

आम्ही घाणेरडी माणसं नाही, एवढं सांगून ठेवतो. आमच्या बायका रोज सकाळी अंगण असं झाडतात की वाळूवर खराट्याच्या रेघा तेवढ्या उरतात. आमच्या आज्यांनीही असंच झाडलं. झावळ्या, नारळाची सोडणं, माशाचे काटे. खड्ड्यात ढकलले तर बाबाईला खत, समुद्रात ढकलले तर खेकड्यांना जेवण. टाकलं की संपलं. हाताला तीच सवय आहे, फक्त हातातली वस्तू बदलली. आणि जहाज येतं ते पोट भरून, जातं ते जवळजवळ रिकामं. आणलेल्याचं पुढे काय, हे ना जहाज विचारत, ना आम्ही.

तेबोरा नोकरीला तारावात, राजधानीत. तिथेच तिचं लग्न ठरलं आणि इकडे तिच्या बाबाईची पानं पिवळी पडायला लागली. खड्ड्यातल्या पाण्यावर तेलाचा तवंग. काकू काठावर बसून ढसाढसा रडली.

"आता तरी नाही म्हणायला शिक," मी ओरडलो.

"तुझा काका कधी म्हणाला का?"

"काका मेला! रोपं पण मारायचीत का?"

त्यावर ती डोळे पुसून उठली आणि तरातरा गावाच्या सभाघरात गेली. जहाजाचा कप्तान बाउरो, तिच्या बहिणीचा मुलगा, तिथे पंगतीला बसला होता. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बाउरो, मी मागते. जाताना माझ्या खड्ड्यातला कचरा घेऊन जा."

बाउरोच्या घशात घास अडकला. "मावशी, अगं जहाज आहे ते, कचऱ्याची टोपली नव्हे!"

"रिकामंच जातं ना? की मावशीला नाही म्हणतोस?"

सभाघर खदखदून हसलं. बाउरोने कपाळावर हात मारला आणि मान डोलावली. आम्ही सगळे चिखलात उतरलो, पोती भरली, काकूने प्रत्येक पोत्याला स्वतः काथ्याची गाठ मारली. पुढे बाबाईला हिरवा कोंब आला तेव्हा तिने मला घरी ओढत नेऊन मासा खाऊ घातला.

आणि मग जहाज आलं, त्यातून तेबोरा उतरली आणि तिच्यामागून पोती.

"आई, ही गाठ तुझी आहे ना?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तिकडे तारावात टाकायला जागा उरली नाही. बाउरोदादाने सगळं किनाऱ्यावर रचलं, आमच्या घरामागे. भरतीला डायपर माझ्या चुलीपाशी आले! मी मागते आई, तुझं तू परत घे."

काकूचा चेहरा पडला. तिने लेकीकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "दे बाई."

धक्क्यावर सगळा गाव उभा. कुणी पोत्यांना हात लावेना. इओतेबा खाकरला. त्याचं तोंड बघूनच मी ओळखलं. तो मागणार होता, आणि त्याने मागितलं की ही देणार होती.

"काकू," तो म्हणाला, "खड्डा तर आता रिकामाच आहे, तेव्हा मी..."

"थांब!" काकू एवढ्या मोठ्याने ओरडलेली मी जन्मात ऐकली नव्हती. "आधी मी मागते. तुझ्याकडे, आणि इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे. ज्याने त्याने एकेक पोतं उचलायचं आणि आपापल्या झोपायच्या माच्याखाली ठेवायचं. यापुढचा कचराही तिथेच."

"माच्याखाली? अगं, वास येईल!"

"येऊ दे. मला येत नव्हता का?"

कुणाची बिशाद होती नाही म्हणायची! तेबोराने पहिलं पोतं उचललं आणि आईच्या माच्याखाली सरकवलं. मग इओतेबाने शिव्या पुटपुटत दुसरं उचललं. पाठोपाठ मी.

लग्नात बाबाई आली. कंद काही फार मोठे नव्हते, पण सासरच्यांनी बोटं चाटून खाल्ले, आणि काकू वाढताना हसतही होती आणि रडतही होती. बाबाईच्या उरलेल्या रोपांना ती अजून रोज पाला घालते.

माझ्या माच्याखालचं पोतं भरून आता दुसरं सुरू झालंय. कूस बदलली की खाली डबे वाजतात आणि बायको चिडते. परवा ती दुकानात नूडल्सची पाकिटं हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "खाऊन होईल हो, पण झोपायचं कुठे?" आणि पाकिटं परत ठेवून दिली.