साडूंची न घसरणारी जमीन

"अजून एकदा बघू या" असं म्हणायचा परवाना कुठल्या कचेरीत मिळत असेल, तर तो सगळ्यात आधी माझ्या थोरल्या साडूंनी काढला असणार. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. एका कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. नारळ घेताना कानाशी धरून आपण सगळेच हलवतो. हे गृहस्थ तो नारळवाल्याच्याही कानाशी धरतात आणि त्याचं मत विचारतात. सोफा घ्यायला गेले तेव्हा दुकानात त्यावर चक्क पाऊण तास झोपले. "सोफ्यावर माणूस बसतो हा गैरसमज आहे," म्हणाले, "माणूस सोफ्यावर दुपारचा आडवा होतो." आमच्या ताईला बघायलासुद्धा ते तीनदा आले होते. तिसऱ्यांदा कशाला, असं सासऱ्यांनी विचारलं, तर म्हणाले, "पोहे दर वेळी सारखेच होतात का, ते बघायचं होतं." तिन्ही वेळचे पोहे शेजारच्या काकूंनी केले होते, हे त्यांना लग्नानंतर कळलं. तो किस्सा ते आजही स्वतःच सांगतात, फक्त सांगताना ताईकडे बघत नाहीत.

तर अशा माणसाने घराची जमीन बदलायची ठरवली, आणि त्यात मी सापडलो. त्याचं असं झालं. साडू मूळचे निर्मळ गावचे. तिथे त्यांची वाडी आहे, केळी आहेत, मोगरा आहे, आणि मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी त्यांची आई आहे. म्हातारी एकटी राहते. साडूंनी बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तो मुळी तिला आणून ठेवायला. ती आलीही. आता तिची सवय अशी, की बाहेरून आलं की पाय धुवायचे आणि धुतलेले पाय पुसायचे नाहीत. ते आपोआप वाळतात. निर्मळच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाळतही असतील. बोळिंजच्या फरश्या मात्र अशा गुळगुळीत, की त्यात बघून भांग पाडावा. म्हातारी मोरीतून निघाली ती स्वयंपाकघरापर्यंत बसूनच पोहोचली. नशिबाने हाड मोडलं नाही. उठून तिने पदर सारखा केला आणि मुलाला म्हणाली, "हा आरसा हाय. जमीन घाल, मंग येन." दुसऱ्या दिवशी सकाळी ती निर्मळला परत गेली आणि तीन वर्षं बोळिंजची पायरी चढली नाही. दर रविवारी साडू स्कूटरवर जायचे, आईला "चल" म्हणायचे, आणि केळ्यांचा फणा घेऊन परत यायचे. पण ती केळी त्यांना गोड लागत नसत, हे ताईने मला सांगितलं होतं.

मग कोणीतरी त्यांना सांगितलं, की व्हिनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, फळ्या मिळतात, आहे त्या फरशीवरच चिकटवतात आणि त्यावरून पाय घसरत नाही. झालं. तुळिंजच्या बाजारात फ्लोअरिंगची जेवढी दुकानं आहेत तेवढी साडूंनी महिनाभरात बसून काढली. बसून म्हणजे अक्षरशः मांडी घालून जमिनीवर. "आमची आई फुलं गुंफते ती खाली बसून. गुडघ्याला गार लागतंय का ते उभ्याने कसं कळणार?" गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जायची. रंगाचं तर विचारूच नका. दुकानदार ओक दाखवी, वॉलनट दाखवी, मेपल दाखवी. साडू म्हणत, "यातलं एक तरी झाड निर्मळात आहे का? मला सारवल्यासारखा रंग दाखवा." तो बिचारा राजस्थानचा तरुण मुलगा, त्याने शेवटी हात जोडले. "अंकल, दोनशे सॅम्पल दाखवले मी. गोबरचा रंग कंपनी बनवतच नाय." साडूंनी शांतपणे पिशवीतून एक डबा काढला. त्यात निर्मळच्या अंगणाची खपली होती, वाळलेली, तळहाताएवढी. ती दोनशे तुकड्यांशेजारी एकेक करून ठेवण्यात आली आणि सात तुकडे घरी आले.

इथपर्यंत मी नुसता हसत होतो. सात तुकडे घरी आल्यावर मला फोन आला. "साडूभाऊ, तुमचं वजन किती?" मी म्हटलं, सत्तावन्न. पलीकडून एकदम भरून आलेला आवाज. "आमच्या आईचंही सत्तावन्नच आहे हो. लगेच या." साडू स्वतः ब्याऐंशी किलोंचे, ताईचं वजन विचारायची आमच्यात कोणाची हिंमत नाही. तेव्हा म्हातारीच्या जागी चालायला सगळ्या नातेवाइकांत मी एकटा पात्र ठरलो. लुकड्या माणसाचा आमच्याकडे झालेला हा पहिला आणि शेवटचा सन्मान. मग सात तुकडे ओळीने मांडून माझ्याकडून त्यांच्यावर चालवून घेण्यात आलं. आधी ओल्या पायांनी. मग साबणाच्या. मग खोबरेल लावून. निर्मळच्या माणसाकडे केळीच्या सालीला काय तोटा, तीही झाली. "जरा वाकून चाला," साडू वही घेऊन मागून सांगत होते, "आई कमरेत वाकते. आणि डावा पाय किंचित ओढा." मी वाकलो, डावा पाय ओढला आणि चौथ्या तुकड्यावरून थेट शोकेसखाली गेलो. ताई धावत आली. साडूंनी आधी वहीत लिहिलं, "चौथा बाद," आणि मग मला उचललं. सातवा तुकडा पास झाला तेव्हा माझ्या दोन्ही गुडघ्यांना बाम लावलेला होता.

पुढे फळ्यांची खोकी आली. बसवणाऱ्या कारागिराने सांगितलं, की बसवण्याआधी दोन दिवस माल घरातच ठेवा, त्याला इथली हवा लागू दे. त्याचा अर्थ साडूंनी असा घेतला की पाहुणे आलेत. दोन दिवस हॉलमध्ये पंखा फळ्यांसाठी चालू आणि घरातली माणसं स्वयंपाकघरात. मी दारातून जरा मोठ्याने बोललो तर साडूंनी ओठांवर बोट ठेवलं. ताई म्हणाली, "मी बाळंत झाले तेव्हा एवढी शांतता नव्हती मिळाली." तिसऱ्या दिवशी कारागिराने फरशीचे सांधे भरले, गोंद लावला आणि एकेक फळी अशी नीट बसवली की साडूंना दोनदाच उखडायला लावता आली. मग त्यांनी आईला फोन केला. जमीन झाली म्हणून सांगितलं. म्हातारीने एकच प्रश्न विचारला, "चोपली का?"

आता हे समजायला हवं. गावाकडे नवी जमीन घालतात तेव्हा शेजारपाजारची माणसं आपापली लाकडी चोपणी घेऊन येतात, ओळीने उकिडवी बसतात आणि ओली माती चोपून चोपून घट्ट करतात. मग चहा, गूळ-खोबरं. शेजाऱ्यांचे हात लागल्याशिवाय ती जमीन घराची होत नाही, असं म्हातारीचं म्हणणं, आणि न चोपलेल्या जमिनीवर ती पाय ठेवणार नव्हती. दुसरा कोणी असता तर "हो, चोपली" म्हणून मोकळा झाला असता. साडू आईशी खोटं बोलत नाहीत. रविवारी सकाळी ते स्कूटरवरून निर्मळची पाच चोपणी घेऊन आले, प्रत्येकाला टॉवेल गुंडाळला आणि चार शेजारी जमवले. शेजारी म्हणजे एक शिक्षक, एक बँकवाल्या बाई, एक जिमवाला आणि चौथा शेजारी म्हणून भाड्याने आणलेला मी. आम्ही ओळीने बसून व्हिनाइल चोपू लागलो. कारागीर राहिलेले पैसे न्यायला आला होता, तो दारातच थिजला. "साहेब, ही चिकटवायची असते. चोपायची नसते." साडू म्हणाले, "तुमचं काम तुम्ही केलंत. आता आमचं." खालच्या मजल्यावरचा तरुण तणतणत वर आला. "काका, संडे आहे, झोपू द्या ना यार. तोडफोड चाललीय काय?" साडूंनी त्याच्या हातात आपलं चोपणं दिलं. पाच मिनिटांनी तो बँकवाल्या बाईंना चोपणं कसं मारायचं ते शिकवत होता, आणि गूळ-खोबरं सगळ्यात जास्त त्यानेच खाल्लं.

त्याच दुपारी म्हातारी आली. मोरीत जाऊन पाय धुतले, पुसले नाहीत. साडू भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता. ताईने माझा दंड धरला. म्हातारी डावा पाय किंचित ओढत, कमरेत वाकून, स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि परत आली. मी चाललो होतो तशीच, फक्त पडली नाही. मग हॉलच्या मधोमध खाली बसली, जमिनीवरून हात फिरवला. "कोन कोन होतं चोपायला?" सगळी नावं तिने ऐकून घेतली. मग चोपणं मागितलं, त्याचा टॉवेल सोडून बाजूला ठेवला आणि एकच फटका मारला. फळीवर चोपण्याच्या कडेची खूण उमटली, बोटभर. "आता झाली," म्हणाली. साडू आत गेले. तोंड धुवायला गेले असं ताईने सांगितलं.

म्हातारी चार दिवस राहिली. त्या जमिनीवर बसून फुलं गुंफली, दुपारी तिथेच हात उशाला घेऊन झोपली. पाचव्या दिवशी पिशवी भरली. साडूंनी विचारलं, आता काय राहिलं? ती म्हणाली, "जमीन चांगली हाय रे. पन मोगऱ्याला पानी कोन घालनार?" या प्रश्नाची तपासणी साडूंच्या वहीत नव्हती. त्यांनी स्कूटर काढली आणि तिला सोडून आले. आता ती सणावारी येते, चार दिवस राहते, जाते. खुणेची फळी बदलून देतो, असं कारागीर दोनदा म्हणाला; साडूंनी त्याला दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं.

आणि दर पंधरा दिवसांनी मला फोन येतो. "साडूभाऊ, इकडे आलात तर जरा चालून जा. जमीन तपासायची आहे." मी जातो. मोरीत पाय धुतो, पुसत नाही. कमरेत वाकतो, डावा पाय किंचित ओढतो आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत येतो. साडू पेपर तोंडासमोर धरून बसलेले असतात, पान उलटत नाहीत. मधल्या खुणेला मी वळसा घालतो. मग ताई जेवायला वाढते. हल्ली मी पुन्हा भात घेत नाही. मध्ये माझं वजन अठ्ठावन्न झालं होतं.