दिवाळीचा थांबलेला मेल

जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी मेल पाठवायच्या कामावर होतो, तेव्हा मेल ही चीज आमच्याकडं नवी होती. आमचा मॉडेम नंबर लावताना असा किंचाळायचा, की मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले बैल दावं तोडून अंबडच्या रस्त्याला लागायचे. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

मेल दोन जातींचे. एक गावजेवणासारखा. तारीख लावून ठेवायची, त्या दिवशी सगळ्या दुकानदारांना एकदम जायचा. नवं बियाणं आलं, दिवाळीच्या शुभेच्छा, असलं. दुसरा ज्याचा त्याचा. नवा दुकानदार जोडला की स्वागताचा, वाढदिवस आला की वाढदिवसाचा. तो कॉम्प्युटर आपल्या मनानं सोडायचा, मी चहाला गेलेलो असलो तरी.

दोन्ही एकत्र नांदवणं म्हणजे दोन सवती एका चुलीवर. धावडा गावच्या एका दुकानदाराला एकाच दिवशी स्वागत, वाढदिवस आणि नव्या बियाण्याची खबर, सगळंच गेलं. कंपनीला आग लागली असं समजून तो एसटीनं पाण्याची कळशी घेऊन आला. कळशी मी आत्ता घातली, बाकी सगळं खरं. मालक तापले. मंग मी कॉम्प्युटरला नियम घालून दिला: ज्याचा स्वतःचा मेल त्या आठवड्यात जाणार असेल, त्याचा गावजेवणाचा मेल थांबवायचा. जगाला शिष्टाचार शिकवल्यासारखा मी महिनाभर छाती काढून हिंडलो.

वाढदिवसाच्या मेलात मालकांचं एक वाक्य होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘आमच्याकडं या, तोंड गोड करून जा.’ येईल त्याला पेढ्याचा डबा.

त्या वर्षी दिवाळी होऊन ऑफिस उघडलं आणि राजूरचे एक काका आले. दुकान त्यांच्या नावावर, पण चालवायचा त्यांचा मुलगा, म्हणून आमच्या यादीत वाढदिवसही त्याचाच. तो माझ्याच वयाचा. आवाज असा, की फोन ठेवल्यावरही राजूरहून थेट ऐकू यायचा. काकांच्या हातात गावच्या सायबर कॅफेतून छापून आणलेला वाढदिवसाचा मेल होता. मी उठून डबा पुढं केला आणि म्हणालो, वाढदिवसवाल्यानं स्वतः यायला पाहिजे होतं, दिवाळीचं खाऊन पोट सुटलं का त्याचं?

“गेला तो,” काका म्हणाले. “गणपतीत. ताप आल्ता.”

आमच्या कानावर काहीच आलं नव्हतं. डबा टेबलावर ठेवून मी खुर्ची पुढं सरकवली. काका बसले आणि सांगू लागले. दुःखाच्या घरात पहिल्या सणाला गोड शिजत नाही. भावकीतलं, सोयऱ्यांतलं कुणी डबा घेऊन येतं, आग्रहानं एक घास भरवतं, मंग त्या घरात पुन्हा गोड सुरू होतं. पण शेताच्या बांधावरून भावकीशी बोलणं बंद. सोयरे आपापल्या दिवाळीत. काकूंनी दारापुढं एक पणतीही लावली नव्हती. साखरेचा चहासुद्धा त्यांनी सोडला होता.

“बाकी दुकानदारांला तुमची दिवाळी आली,” काका म्हणाले. “आम्हाला न्हाई आली. मी हिला म्हणलो, बघ, जालन्याच्या लोकांनी आपला दुखवटा पाळला. आन् मंग त्याच्या वाढदिवसाला बराबर बोलावणं आलं, तोंड गोड करा म्हणून. सख्ख्या भावाला जे सुचलं न्हाई...” कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं, “कोणी लिहिलं हे?”

माझा तो आठवड्याचा नियम इमानानं पाळून कॉम्प्युटर कोपऱ्यात गुरगुरत होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

“मीच,” मी म्हणालो.

“मंग तुम्हीच चला. घास माणसानं भरवावा लागतो.”

एसटीत पेढ्याचा डबा मी मांडीवर धरून बसलो. घरी काकू खांबाला टेकून बसल्या होत्या. भिंतीवर मुलाचा फोटो, त्याला हार. मी पेढा पुढं केला, त्यांनी तोंड फिरवलं. काका म्हणाले, “मेल धाडणारा आलाय. लई लांबून आलाय.”

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. “त्याच्या वाढदिवसाचं तुझ्या ध्यानात होतं का रे बाळा?”

जन्मभर लोकांना तोंडानं थापा मारल्या. ही मी नुसती मान डोलावून मारली. तेवढ्यावर त्यांनी तोंड उघडलं. अर्धा पेढा खाल्ला, बराच वेळ घोळवला, आणि उरलेला माझ्याच तोंडाशी धरला.

“तूबी खा. एवढ्या लोकांला लिहितोस, थकत असशील.”

तो पेढा अजून माझ्या गळ्याखाली उतरलेला नाही, असं सांगितलं तर लोक म्हणतात, हा फेकतोय.