देवगाव रंगारीला, घसरलेली जमीन बघायला

उन्हाळ्याच्या सुट्टीत शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी दुष्काळात देवगाव रंगारीला गेलो. कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो, ही गोष्ट आमच्या घरात आजवर कुणी मनावर घेतली नव्हती. पण ताईची विहीर आटली, नवा बोअर कोरडा गेला, मोसंबीची बाग माना टाकायला लागली आणि एकाएकी माझ्या विद्येला भाव आला. ताईचा फोन आला, "तुला दगडातलं कळतं म्हणतेत. येऊन बघ. नायतर ह्या अमुशेला दाजी झाडं तोडायला काढणारेत."

शहरातल्या गुलमंडीवरून इमरती घेतली आणि मोटारसायकलवर निघालो. पूर्वी छावणी ओलांडली की शहर संपायचं. आता प्लॉटिंगच्या पाट्याच संपत नाहीत. 'चोवीस तास मुबलक पाणी' अशा एका पाटीच्या सावलीत टँकर उभा होता. फोटो काढण्याजोगं स्थळ आहे, चुकवू नका. तोंडाला रुमाल मात्र बांधा, कारण रस्ता रुंद होतोय आणि धूळ फुकट मिळते.

कसाबखेड्याच्या पुढे चहा-भजी स्वस्त आणि बरी मिळतात. पण खरा नजारा त्यापुढे आहे. रस्त्यासाठी टेकडी उभी कापली आहे, काळ्या दगडात लाल मातीचा एक पट्टा दिसतो आणि तो मध्येच तुटलेला आहे. तिरप्या भेगेच्या अलीकडे पट्टा खांद्याएवढ्या उंचीवर, पलीकडे पार गुडघ्याशी. मी गाडी लावून बघत बसलो. मागून जाणाऱ्या दोघांतला एक म्हणाला, "काय बघतो रं ह्यो?" दुसरा म्हणाला, "प्लॉट घ्यायला आला आसंल."

भेगेचं गणित सोपं आहे. भाकरींची चळत तिरपी कापा आणि दोन्ही भाग हळूच दोन बाजूंना ओढा. कापावर रेलून बसलेला वरचा भाग आधार सुटल्यासारखा खाली घसरतो. जमिनीचं कवच दोन्हीकडून ताणलं गेलं की नेमकं हेच होतं. तेही रोज थोडं थोडं नाही. खडक वर्षानुवर्षं एकमेकांना अडून बसतात, ताण साठत जातो आणि मग एका झटक्यात सरकतात. आमच्याकडची ही सरकासरकी फार जुनी आहे, आता सगळं थंड आहे. कॉलेजातल्या बढत्याही अशाच वर्षानुवर्षं अडून बसतात, फक्त तिथे तो शेवटचा झटका काही येत नाही.

ताईच्या दारात दाजींनी स्वागत केलं, "या मास्तर. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून बघितला, आता तुमी काय उभं करता ते बघू." दाजींचं घराणं मेंढरं राखणारं. बाग करणारे त्यांच्यात हे पहिलेच, म्हणून भावकीत त्यांची चेष्टाही पहिली. निम्मी झाडं त्यांनी लग्नाच्या वर्षी लावली होती, निम्मी अलीकडे.

शेजारच्या बाबूरावांच्या बोअरला भर दुष्काळात पाणी होतं. मी विचारलं, "तुमचा बोअर किती खोल मारला?"

"बाबूरावाला जितक्यावर लागलं तितकाच," दाजी म्हणाले. "दोन पावलांवर तर रान हाय त्येचं. त्याच्याहून खाली कशाला जायचं?"

हा आमच्याकडचा अलिखित कायदा. शेजाऱ्याचं पाणी जिथे लागलं तिथे आपणही थांबायचं. पुढे जाणं म्हणजे हावरटपणा, शिवाय लोक हसतात. मी दोन्ही रानांमधल्या नाल्यात उतरलो. नाला पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता. बाबूरावांच्या काठावर लाल पट्टा स्पष्ट दिसत होता, आमच्या काठावर नुसता काळा दगड. म्हणजे कायदा बाबूरावांना ठीक होता, जमिनीला कुणी कळवला नव्हता. भेग नाल्यातूनच जात होती आणि आमची बाजू खाली घसरली होती. पाणी धरणारा सच्छिद्र दगड त्या लाल थराखाली असतो. दाजींचा बोअर तिथे पोचण्याआधीच थांबला होता.

"खाली असंलच का पाणी?" ताईनं विचारलं.

"थर असेल. पाण्याची खात्री नाही," मी म्हणालो. वर्गात असं उत्तर देताना मला कधी घाम फुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोच बोअर आणखी खोल न्यायला बोअरची गाडी आली. दाजींनी पुन्हा नारळ फोडला, तोंडानं मात्र "लोकं हसतेत बघ" चालूच होतं. बराच वेळ काळी भुकटी उडत राहिली. मग लाल उडाली. लाल संपली, भुकटी ओली झाली आणि पाणी आलं. मी ताईकडे बघून हसलो. तिनं धार बघितली, बागेकडे बघितलं आणि म्हणाली, "निम्म्या झाडाला पुरंल. कोणची निम्मी?"

मी खडकातलं सांगू शकत होतो. झाडांसाठी मी दाजींकडे बघितलं.

"जुनी झाडं लई पितेत," दाजी म्हणाले. "अन् त्येंचं राहिलंय किती? नवी जगवू."

जेवायचं कुणी नाव काढलं नाही. इमरती तशीच राहिली. चार वाजता दाजींनी स्वतःच कुऱ्हाड घेतली, गड्याला हात लावू दिला नाही. भावकीतली मेंढरं आणून तोडलेल्या फांद्यांवर सोडली. मेंढरांना कसला दुष्काळ, त्यांनी हिरवा पाला मिटक्या मारत खाल्ला. मला तिथे उभं राहवेना. पाणी लागल्याचा आनंद झाला होता, आणि त्याची लाजही वाटत होती.

आता घरी आहे. रस्ता ठीक, खर्च किरकोळ, सोबतीला हवा तर मी आहे. वर्गात भाकरीचं उदाहरण देतो, मुलांना पटकन कळतं. एक तुकडा वर राहतो, एक खाली जातो, इतकंच मी सांगतो.

परवा ताईचा फोन आला. नव्या झाडांना पालवी फुटलीय. मोटरीचा खटका बागेच्या वरच्या अंगाला आहे, जुनी झाडं होती तिथून सरळ वाट जाते. दाजी नाल्यातून वळसा घालून जातात.