अद्वैताची संध्याकाळ

व्याख्यानमालेची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. आष्टीत आता ते कुणाला आठवत नाही.

मी पुण्यात एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आष्टीला गेले होते, तेव्हा वाचनालयाच्या अध्यक्षांना भेटले. म्हटलं, आपल्याकडं कीर्तनं होतात, सभा होतात, पण न्याय, सांख्य, अद्वैत, बौद्ध ही दर्शनं मुळात म्हणतात तरी काय, हे साध्या भाषेत कुणी सांगत नाही. मी सांगते. रोज संध्याकाळी एक दर्शन, अगदी नवख्या माणसालाही कळेल असं.

अध्यक्ष जमीनजुमलेवाले, राजकारणातले, बोलायला गोड. "लई भारी, ताई!" म्हणाले आणि चहा पाजला.

मग फ्लेक्स लागला. न्याय दर्शन वकीलसाहेबांकडं, का तर ते कोर्टात जातात. योग पीटीच्या सरांकडं. सांख्य गाळलेलं, कारण ते काय असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अद्वैत एका रिटायर्ड मुख्याध्यापकांकडं, ते प्रवचन करतात म्हणून. आणि मी? मला बौद्ध दर्शन. तळपायाची आग मस्तकात गेली. माझी पीएचडी अद्वैतावर आहे हो! तशीच गेले अध्यक्षांकडं आणि हे तोंडावर सांगितलं.

"आसंल की," ते हसत म्हणाले. "पण बुद्धाचं तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार? तुमच्या घरातलंच हाय ते."

घरातलं! आमच्या आजोबांच्या पिढीनं छप्पन साली दीक्षा घेतली म्हणून सगळं क्षणोक्षणी बदलतं हा क्षणिकवाद मला काय पाळण्यात कळला? तोही मी लायब्ररीत डोळे फोडूनच शिकले, जसं अद्वैत शिकले तसाच. पण हे ऐकतो कोण.

खरं तर तिथंच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर गावोगाव टपाल वाटलं त्यांनी. त्याच सुट्टीत एकदा स्वयंपाकघरात त्यांना अद्वैत समजावलं होतं. म्हटलं, कोयता बघा, नांगराचा फाळ बघा, दाराची कडी बघा. नावं वेगळी, कामं वेगळी, पण लोखंड एकच. अद्वैतवाला म्हणतो, माणसाचं आणि जगाचंही तसंच. अण्णा कितीतरी वेळ कडीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हे गावासमोर सांग एकदा. मला लोकांत बसून ऐकायचंय."

तेवढीच त्यांची हौस. माझीही तीच होती, लपवत नाही. वाटलं, अद्वैत नाही तर नाही, गावासमोर उभी तरी राहीन.

माझ्या संध्याकाळी आमच्या वस्तीतलेच लोक आले. पांढरे कपडे घालून, लेकराबाळांसकट. बाकीच्या गावातून अध्यक्ष तेवढे आले, समई लावली, फोटो काढून घेतला आणि निघून गेले. मी अनित्यतेवर बोलले, जीव तोडून बोलले. शेवटी एक आजी म्हणाल्या, "बाई, बुद्धवंदना कधी घ्यायची?" त्यांचा काय दोष? गावानं जसा दिवस वाटून दिला होता, तशाच त्या आल्या होत्या. चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसांना वाटलं, आज आपला दिवस नाही. नवशिक्यांसाठी म्हणे! नवशिके घरी बसले होते.

दुसऱ्या दिवशी अद्वैत. हॉल गच्च. बायका दारापर्यंत बसलेल्या. मी आणि अण्णा मागच्या खुर्च्यांवर. बराच वेळ झाला तरी वक्त्यांचा पत्ता नाही. मग अध्यक्षांनी माईकवर सांगितलं, "गुरुजींचं बीपी वाढलंय, ते येऊ शकत न्हाईत."

लोक चुळबुळ करू लागले. मी उठून उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला. "अध्यक्षसाहेब, मी बोलते. हा माझाच विषय आहे."

सगळ्या माना मागं वळल्या. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं.

"ताई, तुमचं झालं की काल," ते म्हणाले. अगदी प्रेमानं.

"काल बौद्ध दर्शन झालं. आज अद्वैत—"

तेवढ्यात पदराला हिसका बसला. अण्णा. "बस खाली," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बगायलेत."

मी बसले. भर हॉलमध्ये, शिकवताना कधी न अडखळणारी मी मुकाट खाली बसले. कुणीतरी मोबाईल माईकला लावला आणि कुठल्याशा महाराजांचं प्रवचन सुरू केलं. सगळ्यांत एकच आत्मा आहे, तुझ्यात तोच, माझ्यात तोच, असं तो आवाज घोळवून घोळवून सांगत होता. हॉलमधल्या माना डोलत होत्या. अध्यक्षांनी तर डोळे मिटले होते. मला ओरडावंसं वाटत होतं. अण्णा मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसले.

घरी येताना मी त्यांच्यावरच भडकले. अध्यक्षांवर भडकायची सोय नव्हती ना! "अण्णा, कावून ओढलं मला? तुम्हालाच ऐकायचं होतं ना? अजून एक वाक्य बोलले असते तर द्यावाच लागला असता माईक."

ते चालत राहिले. घराशी आल्यावर थांबले.

"दिला आसता," ते म्हणाले. "तू बोलली आसतीस, चांगलंच बोलली आसतीस. अन् परवा गाडीत बसून पुण्याला गेली आसतीस. मला हितंच ऱ्हायचं हाय, बाई."

आणि चपला काढून आत गेले.