सुतकात थांबलेला खुनी

माणूस एकटा सापडत नाही, ही आमच्या पेण-रोह्याकडची मोठी अडचण आहे. एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याची गोष्ट ज्याला रचायची असेल, त्याने सरळ एखाद्या थंड देशात जावं, जिथे लोक शेजाऱ्याकडे जाण्याआधी फोन करतात. मला हे शहाणपण फार उशिरा आलं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी रोह्याला टायपिंगच्या क्लासात शिकवायचे. राहायला वरसे गावात. दर रविवारी जेवण उरकून एसटी पकडायची आणि पेणला उतरून रामवाडीत आतेभावाचं घर गाठायचं. तो वयाने मोठा, म्हणून दादा. घरी सांगून ठेवलं होतं की वहिनीकडे पापड शिकायला जाते. लग्नाच्या वयाची मुलगी दर रविवारी फासे टाकायला जाते, आणि तेही भुयारं, चेटूक आणि राक्षसांच्या खेळात, हे आईला सांगण्यापेक्षा पापड बरे. पापड मला अजूनही येत नाहीत.

या खेळाला पट नसतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर बंद दार आहे, काय करता, असं सूत्रधाराने विचारायचं. उघडतो, तोडतो, पळून जातो, मनाला येईल ते त्यांनी सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. सूत्रधार मी होते, कारण खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायचा बाकीच्यांना कंटाळा होता. दादा झाला होता योद्धा. एरवी तो कंपनीत स्टोअर सांभाळायचा आणि पाल दिसली की पलंगावर चढायचा. वहिनी जादूगारीण होती. मंत्र म्हणता म्हणता ती उठून तेल तापलं का बघून यायची.

तिसरा खेळाडू दादाचा मित्र, हमरापूरचा. त्याला आम्ही कलाकार म्हणायचो. घरी गणपतीचा कारखाना, आणि कारखान्यात डोळ्यांची आखणी याच्याकडे. मूर्तीला सगळे रंग लागले की शेवटी डोळे आखतात. तोवर तो नुसता माल असतो, त्याच्यावर कुणी शर्टसुद्धा वाळत घालेल. डोळे आखले की त्याच्यासमोर तंबाखू मळायचं धाडस होत नाही. कलाकाराचा हात इतका स्थिर होता की खेळात त्याने चोर व्हायचं हे न सांगता ठरलं.

खेळाची पेटी आली होती त्याच्याच मोठ्या भावाकडून. भाऊ बोटीवर कामाला होता. कुठल्याशा बंदरात परदेशी सापशिडी समजून त्याने ती विकत घेतली, धाकट्याला दिली आणि पुन्हा बोटीवर गेला. त्या फेरीत बोट बुडाली. काही माणसं जिवंत सापडली, काहींची प्रेतं सापडली. भाऊ कशातच नव्हता. भटजींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून दहन करता येतं, शास्त्रात सोय आहे. आईने भटजींना चहा दिला आणि वाटेला लावलं. "आपल्याकडं पुतळे पूजेला बनतात, जाळायला नाय," एवढंच ती म्हणाली. त्यामुळे त्या घरात सुतक नव्हतं, दहावं नव्हतं, भिंतीवर हार घातलेला फोटोही नव्हता. कलाकार घरी हसायचा नाही आणि रडायचाही नाही, कारण दोन्हींपैकी काय करायचं हे त्या घरात ठरलेलंच नव्हतं. हसायला तो रविवारी रामवाडीत यायचा.

तर अशा या थोर चमूला माझ्या गोष्टी बेचव लागू लागल्या. "तुझा राक्षस आमच्या साहेबापेक्षा गरीब हाय," असं दादा म्हणाला. माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता असं भय रचायचं की तिघंही एसटी स्टँडपर्यंत हात धरून जातील. दादाकडच्या व्हीसीआरवर भाड्याच्या कॅसेट लावून मी अभ्यास सुरू केला. मुखवटा घातलेला खुनी, रानातलं घर, तरणीताठी पोरं, आणि एकेकाचा खातमा. वहिनी भाजी निवडत सोबत बसायची आणि प्रत्येक मुडद्यागणिक विचारायची, "हिच्या घरी कळवलं काय?"

त्या कॅसेटवरून मी नियम काढले आणि क्लासातल्या मशीनवर टाइप केले. फोन बंद पडला पाहिजे. लाईट गेली पाहिजे. माणसं पांगली पाहिजेत. पहिला बळी सगळ्यांच्या आवडीचा हवा. प्रेत नाहीसं झालं पाहिजे, म्हणजे मेला की नाही याची धाकधूक राहते. शेवटी एक मुलगी उरते, ती पळते आणि सपाट जमिनीवर पडते. परदेशी मुली इतक्या का पडतात हे मला कळलं नाही, पण नियम म्हणजे नियम.

पहिल्या दोन नियमांत अर्थच नव्हता. आमच्याकडे फोन चालू झाला तर लोक दचकायचे, आणि लाईट गेल्यावर कुणी किंचाळत नसे, तांब्या कुठे ठेवलाय तेवढं विचारत. तरीही मी जिद्दीने गोष्ट रचली. खाडीच्या टोकाला मिठागराच्या बांधावर एक जुनी सराई. तुफान पाऊस. परतीचा रस्ता पाण्याखाली. सराईत सहा खोल्या आणि कुठेतरी दबा धरून बसलेला खुनी, ज्याच्या तोंडावर प्लास्टरचा पांढरा मुखवटा, आणि मुखवट्याला डोळेच नाहीत. हे वाक्य टाइप करताना मी स्वतः मागे वळून पाहिलं होतं.

रविवारी मी खिडक्या लावल्या, आवाज खोल केला आणि सुरुवात केली. खिडकीत तो चेहरा दिसला. पांढराफटक. डोळे नसलेला.

"प्लास्टर की शाडू?" कलाकाराने विचारलं.

"प्लास्टर. पण तुला भीती वाटते आहे."

"कशाला वाटंल? आमच्या माळ्यावर असली तोंडं पडलीत. कानामागं जोड दिसतो काय बघ. साचा जुना असंल."

"आखणी राहिली असेल हो बिचाऱ्याची," वहिनी म्हणाली.

पेणच्या माणसाला बिनडोळ्यांच्या चेहऱ्याने घाबरवायला निघणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. मी मुखवटा सोडून दिला आणि माणसं पांगवायला घेतली. रात्र झाली, प्रत्येकाला वेगळी खोली आहे, असं जाहीर केलं.

"कशाला गो?" वहिनी म्हणाली. "सगळे पुढच्या खोलीत झोपू, एकाच सतरंजीवर. बाहेर जायचं तर दोघांनी जायचं."

"वहिनी, खोल्या सहा आहेत."

"असू देत. सकाळी झाडणार कोण, तू?"

दादाच्या योद्ध्याने तर तलवार काढण्याऐवजी बोंब ठोकली. गाव गोळा होईल म्हणाला. मी म्हटलं, इथे गाव नाही. "मिठागर हाय म्हणजे माणसं असणार. मीठ काय आपोआप बनतं?" पाऊस आहे, मिठागर बंद आहे, असं मी दात ओठ खात सांगितलं. मग राखणदार असंल, म्हणाला. खुनी बिचारा पावसात भिजत उभा, आणि हे राखणदाराला हाका मारतायत.

आता रक्त सांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आवडीचा बळी हवा होता, आणि माझ्याकडे असा एकच होता, म्हातारा नावाडी. तो पहिल्या गोष्टीपासून या तिघांना होडीतून नेत आला होता. मी त्याला नुसता वल्ही मारायला आणला होता, पण कलाकाराचा चोर त्याला दर वेळी विचारायचा, "जेवलास काय?" दोघं मिळून बिडी ओढायचे. नावाडी होडी बांधायला बाहेर गेला. किंकाळी आली. तिघं धावले, अर्थातच मिळून. बांधावर रक्त होतं, वल्हं होतं. नावाडी नव्हता.

माझ्या कागदावर पुढे लिहिलं होतं, सगळे घाबरून मिठाच्या गुदामात पळतात. गुदामात मी फार सुंदर कत्तल योजली होती.

"शोधायचा," कलाकार म्हणाला.

"खुनी जवळच आहे. धोका आहे."

"असू दे. पहिला हा शोधायचा."

त्याने फासा टाकला. पडला दोन. बांधाच्या पलीकडे शोधलं, पुन्हा टाकला. पुन्हा लहानच. खाडीत उतरतो म्हणाला. मी अजून आपल्याच गुदामात अडकलेली. गोष्ट पुढे सरकावी म्हणून मी बोलून गेले, "ओहोटी लागली आहे. पाणी त्याला घेऊन गेलं."

तळणीकडे गेलेल्या वहिनीने झाऱ्या कढईच्या कडेला टेकवला. दादा माझ्याकडे बघायला लागला. कलाकाराने फासा मुठीत धरला. हायवेवरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. गोष्ट अडली की सूत्रधार जे करतो तेच मी केलं. खुन्याला पुढे ढकलला. म्हटलं, सराईचं दार वाजतंय. दाराच्या फटीतून कोयता आत येतोय.

"त्याला म्हणावं थांब जरा," वहिनी म्हणाली. ती माझ्यावर चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं. "मयत झालंय इथं. सुतक हाय."

इंग्रजी पुस्तकात शंभर तऱ्हेचे राक्षस होते, त्यांच्या नखांची लांबी होती, पण सुतक पाळायचं की नाही यावर एक ओळ नव्हती. मी खुन्याला थांबवला. तो दाराबाहेर कोयता घेऊन उभा राहिला.

कलाकाराने फासा सतरंजीवर ठेवला आणि विचारलं, "तुझ्या त्या बांधावर दर्भ मिळंल काय?"

मी म्हटलं, मिळेल. फासा टाकायला सांगितलं नाही.

मग त्याने पुतळा केला. खेळात सगळं तोंडाने सांगायचं असतं, पण त्याचे हात सतरंजीवर चालू लागले. जुडी बांधली. डोकं केलं, छाती, हात छातीशी. कारखान्यात तो जसा पुढे झुकून बसायचा तसाच बसला होता. नावाड्याला म्हणे पोक होतं, म्हणून पाठ जरा वाकवली. मी नावाड्याला पोक कधीच दिलं नव्हतं. दादा हळूच म्हणाला की याचा बोटीवरचा भाऊ चालताना असाच वाकायचा.

"डोळे?" वहिनीने विचारलं. पेणमध्ये हा प्रश्न साहजिक होता.

"डोळे नाय आखायचे," कलाकार म्हणाला. "डोळे आखले तर तो आपल्याकडं बघत बसंल. त्याला थांबावं लागंल. जाऊ दे त्याला."

आणि तो रडायला लागला. इतकी वर्षं ज्याच्या घरात रडायचं ठरलं नव्हतं, तो आमच्या सतरंजीवर हुंदके देऊन रडला. मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. पालीला भिणाऱ्या योद्ध्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. मी सांगितलं की पाऊस असूनही पुतळ्याखालची लाकडं पेटली. हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं.

त्यानंतर काही रविवार कलाकार आला नाही. मला वाटलं, मोडला खेळ. माझ्या भयकथेने एक मात्र साधलं होतं, माणसं खरोखरच कमी झाली होती. मी तरीही एसटीने जात राहिले, कारण नाहीतर आईला पापडांचं काय सांगणार? दादा, वहिनी आणि मी नुसता चहा प्यायचो. पेटी कपाटावर होती, तिला कुणी हात लावत नव्हतं.

मग एका रविवारी तो आला. डोक्यावर टोपी. आत आल्यावर काढली, तर डोकं तुळतुळीत. वहिनीने पाहिलं, आत जाऊन पाणी आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आईला कसं समजावलंस?" मी विचारलं.

"समजवायचं काय. तिला आपला खेळ सांगितला, नावाड्याचा. दोन दिवस काय बोलली नाय. मग म्हणाली, डोळे आखणार नसशील तर कर. दर्भ तिनंच आणून दिला."

त्याने कपाटावरून पेटी खाली घेतली आणि झाकणावरची धूळ हाताने पुसली. मी माझे टाइप केलेले कागद आणलेच नव्हते. त्याला ते नकोही होते.

"तो खुनी अजून दाराबाहेर उभा हाय ना?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "तेव्हापासून उभाच आहे."

"मग येऊ दे त्याला आत," कलाकार म्हणाला आणि मांडी घालून बसला. "आमचं सुतक फिटलं."